पश्चिमेचा खण

छावणीच्या मागच्या अंगाला आमची वस्ती. तीस-पस्तीस घरं, एक हापसा आणि मधोमध देऊळ. बाहेरचे लोक त्याला चर्च म्हणायचे, आम्ही देऊळच म्हणायचो. दगडी पाया, हातभर जाड विटांच्या भिंती, वर कौलं, आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा खण. खण म्हणजे दोन खांबांच्या मधली भिंत.

मी लहान होते तेव्हा हे बारा खण बारा घरांमध्ये वाटलेले होते. नाताळ जवळ आला की ज्याने त्याने आपापल्या खणातली जळमटं काढायची, ज्याला जो आवडेल तो रंग द्यायचा. पारध्यांना पिवळा लागायचा, शिरसाठांना निळा, भालेरावांच्या घरात दोन सुना भांडून अर्धा हिरवा अर्धा गुलाबी करायच्या. त्यामुळे आमचं देऊळ आतून गोधडीसारखं दिसायचं. उपासनेला बायका सतरंजीवर आपल्याच खणाला टेकून बसायच्या. भजन सुरू झालं, आवडाआत्याच्या हातातले टाळ वाजायला लागले, की मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून भिंतीकडे बघत राहायची. आमचा खण शेवटचा, पश्चिमेचा. त्याला आम्ही पांढऱ्याशिवाय दुसरा रंग कधी दिला नाही. आजोबांनी देऊच दिला नाही.

मी पोटुशी म्हणून बिडकीनहून माहेरी आले, त्या वर्षी देवळाला कुलूप लागून चार वर्षं झाली होती. एका रविवारी बायबल वाचन चालू असताना भालेरावांच्या खणातला परातीएवढा गिलावा खाली आला. लागलं कुणाला नाही. पण मग छप्पर तपासलं, भिंती तपासल्या, आणि दारावर ‘धोकादायक इमारत’ असा कागद चिकटला. वस्तीही हळूहळू उसवली. कुणी सिडकोत राहायला गेलं, कुणी वाळूजला कंपनीजवळ. ज्यांच्या त्यांच्या घरी वेगवेगळ्या प्रार्थना सुरू झाल्या. टाळ आणि ढोलकी आत्याच्या पलंगाखाली गेली.

आई नव्हती, म्हणून बाळंतपण आत्यानेच केलं. आवडाआत्या दादांची थोरली बहीण. सत्तरीची, बोटं वाकडी झालेली, पण बाळाला पायांवर घेऊन अशी चोळायची की पोर रडता रडता झोपून जायची.

“नाव काय ठेवायचं हिचं?” शेजारणी विचारायच्या.

“बाप्तिस्म्याला ठेवू,” मी म्हणायची.

“बाप्तिस्मा कुठं, सिडकोत?”

“नाही. देवळात.”

त्या एकमेकींकडे बघायच्या. बाळंतिणीला कोण काय बोलणार?

दादा, म्हणजे माझे वडील, सांडू मिस्त्री. छावणीत अर्धी घरं त्यांच्या हातची. लोक त्यांना रस्त्यात थांबवून भिंतीची ओल दाखवायचे. दादा भिंतीवर बोटाची पेरं वाजवायचे आणि डॉक्टरसारखं सांगायचे. देऊळ मात्र ते लांबूनच बघायचे. कुलूप लागल्यापासून त्यांनी त्या बाजूने हापशाला जाणंही सोडलं होतं. वळसा घालून जायचे.

नवरात्राच्या सुमाराला अंबिकाताई आली. समर्थनगरातली, जुन्या इमारतींचं शिकून आलेली तरुण मुलगी, पायात बूट आणि गळ्यात कॅमेरा. आमच्या देवळाच्या पाळकसाहेबांनी तिला कुठून तरी शोधून आणलं होतं. वर्ष संपायच्या आत डागडुजी झाली नाही तर देऊळ पाडायचं ठरलं होतं, म्हणून त्या दिवशी वस्तीतले सगळे देवळात जमले. दादांनाही यावं लागलं. मी पोरीला पदराखाली घेऊन दारात बसले.

अंबिकाताई लाकडी हातोडीने एकेक खण वाजवत गेली. टक, टक, मध्येच डब. आमच्या खणाशी पोचली तर सगळीकडेच डब-डब. वरपासून खालपर्यंत.

“हा सगळ्यात वाईट आहे,” ती म्हणाली. “पूर्ण पोकळ वाजतोय.”

“सांडू मिस्त्रीचा खण हाय तो!” मागून कारभारीकाका म्हणाले. ते दादांचे जुने जोडीदार, आयुष्यभर त्यांच्याबरोबर पाट्या उचललेले, त्यामुळे त्यांना काहीही बोलायची मुभा होती. “लोकाच्या भिती वाजवून दाखवतोय, अन् सोताची ढोलकी!”

सगळे हसले. दादाही हसले, पण नुसते ओठांनी.

“हे सिमेंट कधी केलं?” अंबिकाताईने विचारलं.

“चौऱ्याहत्तर साली,” दादा म्हणाले. “म्या केलं.”

ती गडबडली. मग हळूच म्हणाली, “काका, काम चांगलंय. पण आत चुन्याची भिंत आहे. तिच्यातली ओल बाहेर पडायला वाट हवी, ती सिमेंटनं बंद झाली. विटा आतल्या आत कुजताहेत. हे सगळं काढावं लागेल.”

दादा उठले, टोपी झटकली. “काढा,” म्हणाले आणि घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पोरीला तेल लावताना आत्याने मला सगळं सांगितलं. थोडं मला माहीत होतं, थोडं नव्हतं.

पोलीस ॲक्शनच्या साली, अठ्ठेचाळीसला, माझे आजोबा, बन्सी मिस्त्री, पैठणकडचं गाव सोडून निघाले. गाव धुमसत होतं. बरोबर आजी, बारा वर्षांची आवडा आणि चार वर्षांचा सांडू. शहरात ओळखीचं कुणी नाही. देवळाच्या पडवीत उतरले ते सहा महिने तिथेच राहिले. दोन चुली एका बाजूला आमच्यासारख्यांच्या, दोन चुली दुसऱ्या बाजूला मुसलमान घरांच्या, तीही कुठून कुठून निघून आलेली. आजोबांच्या हातात चुन्याचं काम होतं. पुढच्या वर्षी त्यांनी देवळाच्या बाराही भिंती आतून नव्याने चुन्याने केल्या. कुणी सांगितलं नव्हतं. गुळाचं पाणी, बेलफळाचा चीक, बैल जुंपलेल्या घाणीत दिवसदिवस मळलेला चुना.

“आरशावानी भित,” आत्या म्हणाली. “म्या त्यात बघून वेणी घालायची.”

मग बहात्तरचा दुष्काळ गेला. दोन वर्षांनी देवळाची डागडुजी निघाली. दादा तेव्हा तिशीचे, हाताखाली दहा माणसं. सिमेंट परवान्यावर मिळायचं, ते दादांनी ओळखीने आणलं. वस्तीला केवढा अभिमान! आपल्या देवळाला सिमेंट! बारा घरांनी आपापला खण वाटून घेतला, बायकांनी घमेली वाहिली. आजोबा एकटेच नको म्हणत होते.

“म्हणले, भितीला घाम येतो रं, तो जाऊ द्यावा लागतो. तर तुझा बाप काय म्हणला म्हाईतंय? म्हणला, बाबा, चुन्याचं दिवस गेलं, आता पानातच खायचा.” आत्याने पोरीला पालथं केलं. “सगळ्या लोकांसमोर. लोक लई हसले. म्यापण हसले.”

“मग आजोबा?”

“काय बोलणार? शेवटी म्हणले, आपल्या घरचा खण तरी मला तयार करू दे, सिमेंट तू लाव. केला बिचाऱ्यानं. त्यानंतर म्हाताऱ्यानं देवळाच्या कामाला हात नाय लावला.”

दिवाळीनंतरच्या रविवारपासून सिमेंट काढायला सुरुवात झाली. आणि त्यात एक गंमत झाली. पाळकसाहेबांनी मजूर बोलावले होते, पण पहिल्याच दिवशी सिडकोहून पारध्यांचं अख्खं कुटुंब डबे घेऊन आलं. म्हातारे पारधे म्हणाले, “आमचा खण आमीच काढणार. माह्या आईनं घमेली वाह्यलीत ह्याची.” ते ऐकून शिरसाठ आले. मग वाळूजहून भालेरावांच्या त्या दोन सुना आल्या, आता दोघीही आज्या झालेल्या, आणि पुन्हा कुठली बाजू कुणाची यावर भांडल्या. चार वर्षं ज्यांची तोंडं दिसली नव्हती ते लोक धुळीने पांढरे होऊन पडवीत एकत्र भाकरी खाऊ लागले. तिसऱ्या रविवारी आत्याने पलंगाखालून टाळ काढले.

मी पोर झोपली की धावत जायची, ती उठायच्या आत परत यायची. पाळण्याला दोरी बांधून ठेवलेली, ती दादा ओढत बसायचे. ते दारापाशी खुर्ची टाकून, देवळाकडे पाठ करून बसत. छन्नीचे आवाज येत होते. प्रत्येक आवाजाला त्यांची दोरी किंचित थांबायची.

सिमेंटखाली आजोबांचा चुना निघाला. अजून घट्ट, गुळगुळीत, जुन्या दुधासारखा रंग. पण त्यावर सगळीकडे खड्डे होते. बोटभर लांब, तीन-तीन बोटांच्या अंतरावर, ओळीने.

“हे कसले?” मी अंबिकाताईला विचारलं.

“टाचे. नवीन गिलावा धरून बसावा म्हणून जुन्या भिंतीला घाव घालतात. ज्यानं केलेत त्याचा हात फार नेमका आहे.”

कुणाचा हात ते मला ठाऊक होतं. अकरा खण उघडे झाले आणि अकरा भिंतींवर ते घाव दिसायला लागले. हे दादांच्या नजरेला पडू नये असं मला वाटलं. आमच्या खणाला कुणी हात लावला नाही. “सांडू येईल तवा काढील,” कारभारीकाका म्हणाले. डिसेंबर लागला तरी दादा आले नाहीत. अंबिकाताई रोज एकदा त्या पोकळ भिंतीकडे बघायची, एकदा कॅलेंडरकडे.

मग चुन्याचा घोळ झाला. घाव बुजवायला बाहेरून महिनोन्महिने पाण्यात मुरवलेला चुना यायचा होता, तो आलाच नाही. नाताळ तोंडावर. तेव्हा सगळ्यांनी मिळून कळीचा चुना आणला, पिंपात पाणी घालून विझवला आणि चार दिवसांनी लावायला घ्यायचं ठरवलं. मी घरी आले आणि भात लावता लावता सहज बोलून गेले.

दादांच्या हातातली दोरी सुटली. “किती दिवसाचा म्हणलीस?”

“चार.”

“चार दिवसाचा चुना? भितीला?” ते उभेच राहिले. “फोडं येतील फोडं! देवी आल्यावानी दिसंल भित! काय हाय त्या कारभाऱ्याच्या डोक्यात?”

चपला न घालताच ते निघाले. मी पोरीला उचललं, गॅस बंद केला आणि मागे धावले.

देवळात जाऊन त्यांनी पिंपातला चुना चिमटीत धरला, चोळला आणि कारभारीकाकांच्या समोर धरला. “हे काय हाय? रवा हाय का? शिरा करायचाय?”

“मग तू कुठं मेला होता महिनाभर?” कारभारीकाका तेवढ्याच आवाजात म्हणाले. “आमी गाढवं. आमाला येत नाय. तुला येतंय ना? मग बस की घरी पाळणा हलवत!”

दादा काही बोलायला वळले आणि तेव्हा त्यांना भिंती दिसल्या.

ते एकेका खणापुढून गेले. कुठे थांबले नाहीत. शेवटच्या खणाशी पोचून खाली बसले, गुडघ्यांवर हात ठेवून.

“समदे माहेच,” म्हणाले.

आत्या त्यांच्या शेजारी जाऊन बसली. “घाव तुहे. पण घमेली आमी वाह्यली, सांडू. अन् बाबाला हसायला तर समदीच होतो.”

पोर माझ्या खांद्यावर ऊं-ऊं करत होती. अंबिकाताईने विचारलं, “काका, मुरवलेला चुना कुठं मिळेल? निदान सहा महिन्यांचा तरी?”

उत्तर आत्यानेच दिलं. “सहा महिन्याचा कशाला? अठ्ठावीस वर्साचा हाय की.”

“अक्का, गप,” दादा म्हणाले.

“कामून गप? पोरगी समोर उभी हाय. तिचा हाय तो.”

मला काही समजेना. मग आत्याने सांगितलं. आमच्या घराण्यात मुलगा झाला की त्याच्या नावाने खड्डा घेऊन चुना विझवायचा, वर रेती, वर पाणी, वर फरशी, अशी पद्धत होती. तो मोठा होऊन पहिलं घर बांधेल तेव्हा उघडायचा. चुना जितका जुना तितका गुणी. माझ्या जन्माच्या वर्षी आजोबांनी देवळामागे, हापशाचं पाणी झिरपतं तिथे, शेवटचा खड्डा घेतला. लोक म्हणाले, पोरीसाठी कुणी चुना विझवतं का? आजोबा म्हणाले, माझ्या घरात आता चुन्याला विचारणारं दुसरं कोण आहे?

ती फरशी मला माहीत होती. मी तिच्यावर सागरगोटे खेळले होते. संध्याकाळी आजोबा तिच्यावर बसून बिडी ओढायचे आणि मी त्यांच्या पाठीला टेकून पाढे म्हणायची. मी सात वर्षांची असताना ते गेले. कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

“तिच्या घराचा चुना हाय,” दादा म्हणाले. “देवळाला लावायचा म्हणजे तिला इचारा. अन् माह्या हातानं तर नायच. बाबाच्या भितीला ह्या हातांनी जे केलं ते बगा की समदीकडं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कधी नव्हे ते माझ्या मालकीचं काहीतरी निघालं होतं.

“बिडकीनच्या स्लॅबच्या घराला चुना काय करायचाय, दादा?” मी म्हटलं. “मी देते. पण लावायचा तुम्ही. दुसऱ्या कुणी हात लावला तर फरशी उचलू देणार नाही.”

“सरू, हट्ट करू नको.”

“मी तुमचीच मुलगी.”

“आता बोल!” कारभारीकाका म्हणाले आणि त्यांनी आपल्या हातातली छन्नी दादांच्या पुढ्यात ठेवली. “आदी सोताचा खण काढ. मग फरशीचं बगू.”

दादांनी छन्नी उचलायला किती वेळ घेतला! उचलली, टोक अंगठ्यावर घासून बघितलं, उठून वरच्या कोपऱ्यात खांबाला लागून धरली. चेहरा असा की दात उपटून घ्यायला बसलेत. हातोडीचा एक घाव घातला. दुसरा घातला.

आणि सिमेंटचा दरवाजाएवढा पत्रा भिंतीपासून सुटून आला. कारभारीकाकांनी दादांना ओढलं नसतं तर पायांवर पडला असता. धूळ उडाली, पोर दचकून रडली, बायका ओरडल्या.

धूळ बसली तेव्हा समोर भिंत होती. तिच्यावर एकही घाव नव्हता. अंगावर पिवळसर मातीचा पातळ थर, कुणीतरी हाताने सारवल्यासारखा. बोटांच्या रेघासुद्धा दिसत होत्या. दादांनी पंचा ओला करून एक हात फिरवला. मातीखालून चुना चमकला. त्यात दारातून येणारं ऊन दिसलं, मग दादांचं डोकं दिसलं.

“म्हाताऱ्यानं टाचे मारलेच नाय,” दादा म्हणाले. “खण तयार करतो म्हणला, अन् माती सारवून ठिवली. सिमेंट धरू नये म्हणून.” ते पंचा धरून तसेच उभे. “म्हणून पोकळ वाजत होता.”

“त्याला म्हाईत होतं,” आत्या म्हणाली.

“काय म्हाईत होतं?”

“की तू कदीतरी काढशील.”

दादांनी भिंतीला हाताची उलटी बाजू लावली, ताप बघतात तशी. मग त्यांच्या खांद्यांकडे मला बघवेना, म्हणून मी पोरीला घेऊन पडवीत गेले.

दुपारी फरशी उचलली. सगळी वस्ती गोळा झालेली. पहारी लावायला चौघे लागले. रेती काढली, खाली गार, ओला, लोण्यासारखा चुना. दादांनी बोटावर घेतला, वास घेतला, जिभेच्या टोकाला लावला आणि डोळे मिटले. “बेल घातलाय,” एवढंच म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस ते देवळातच होते. अकरा खणांमधला एकेक घाव त्यांनी स्वतः भरला. दुसऱ्या कुणाला भरू दिला नाही. मग वरून एक पातळ हात, तो मात्र ज्या त्या घराने आपापल्या खणाला दिला. दादा मागून फिरायचे. “दाबून! पुरी लाटतीस का?” भालेरावांच्या सुनांना ते इतकं बोलले की त्या दोघींची आपसात मैत्री झाली. रंगाचा डबा कुणीच काढला नाही. अंबिकाताईने नको म्हणून सांगितलं होतं, पण तिने सांगितलं नसतं तरी कुणी काढला नसता.

नाताळात भिंती अजून ओल्या होत्या, टेकून बसता येत नव्हतं. बायका टेकायला जायच्या आणि आठवण होऊन पुन्हा ताठ बसायच्या. सतरंजी पुरली नाही. टाळांच्या आवाजाने पोर जागी झाली आणि बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं तेव्हा तिने जे भोकाड पसरलं ते हापशापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. माझ्या आईचं नाव ठेवलं. भागू. शेजारणी म्हणाल्या, फारच जुनं नाव. असू दे.

नव्या वर्षात मी बिडकीनला परत निघाले त्या सकाळी दादा घरात नव्हते. शोधत देवळामागे गेले. जुना खड्डा रिकामा झाला होता, तो त्यांनी साफ करून त्यात कळीचा चुना भरला होता आणि कारभारीकाका बादलीने पाणी ओतत होते. चुना रटरटत होता, पांढरी वाफ भिंतीवरून वर जात होती. भागू माझ्या कडेवरून वाकून डोळे मोठे करून बघत होती.

“जवळ आणू नको तिला,” दादा ओरडले. “शिंतोडा उडंल.”

“कुणाच्या घराला हा?” मी विचारलं.

“तिचं ती ठरवंल. वीस वर्सं कुणी हात लावायचा नाय.” त्यांनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. “तवर फरशीवर खेळंल.”